एका बटणाचं वर्णन

इस्पितळाची वेबसाइट एआय चालवत असे. कुठलं बटण काय करतं, हे त्याला वेबसाइट बनवणाऱ्या हेमांगीने लिहिलेल्या वर्णनावरून कळायचं. एका बटणासाठी तिने लिहिलं होतं, ‘रुग्णाचं नाव यादीतून काढते.’

किडनीच्या प्रतीक्षायादीत सुदामराव बोरकुटेंचा नंबर कितवा, हे बघायला एआयने तेच बटण दाबलं. नाव शोधून काढलं जाईल असं त्याला वाटलं; ते पुसलं गेलं. चूक सापडेपर्यंत त्यांना जुळणारी किडनी आली आणि दुसऱ्या रुग्णाला बसवलीही गेली. पुढच्या किडनीची वाट बघण्याइतके दिवस सुदामरावांकडे नव्हते.

हेमांगी स्वतः त्यांच्या घरी सांगायला गेली. “मावशी, मी ‘वगळते’ असं लिहायला हवं होतं.”

सुदामरावांच्या पत्नींनी विचारलं, “ती किडनी ज्यांना मिळाली, ते बरे आहेत ना?”