आठ सेकंद

शुक्रवारी बाबांनी गराजमधून हाक मारली, "प्रीता, स्टार्टचा खटका आठ सेकंद दाबून धर. मी स्पीकर ऐकतो." न्यू जर्सीतल्या चर्चनीसुद्धा टाकलेले इलेक्ट्रिक ऑर्गन बाबा आणायचे, त्यांच्या फिरत्या स्पीकरना नव्या मोटर बसवायच्या, वाजवता एकही गाणं यायचं नाही. तिसऱ्याच सेकंदाला मी खटका सोडला. ऑर्गन मुकाच राहिला. "भंगार आहे, बाबा." "अगं, आतल्या चाकांना वेग येऊ दे!" शनिवारी बाबा वारले. आज ऑर्गन विकत घ्यायला पांढरे हातमोजे घालून गिऱ्हाईक आलं. स्पीकरची पाठ उघडून म्हणालं, "ओरिजिनल मोटर काढली? काकांनी रुइन केलं यार!" "तुम्ही वाजवता?" "छे, मी कलेक्ट करतो." मी खटका धरला, आठ मोजले, एक पट्टी दाबली. स्पीकर संथ फिरू लागला. सूर गराजभर झुलला. "स्पीकरवरचा हात काढा," मी गिऱ्हाइकाला म्हणाले, मग स्पीकरला मोठ्यानं, "बाबा, छान जमलंय."