बटण सहावर

विजेचं नवं स्मार्ट मीटर बसवायला कंपनीकडून मॉरॅग नावाची मुलगी माझ्याकडे आली. घरात पाऊल टाकताच तिनं कपाळ पुसलं.

"काका, मे महिना चाललाय! स्कॉटलंडच्या टोकाचं हे थर्सो गावसुद्धा बिनस्वेटरचं फिरतंय, आणि तुमचा हीटर पेटलेला. वर खिडक्या सताड उघड्या!"

"हो."

"रात्रीच्या स्वस्त विजेवर हीटरच्या आतल्या विटा तापतात आणि दुसऱ्या दिवशी खोलीला ऊब देतात, हे बरोबर. पण किती तापायचं ते बटणावर असतं ना? हे तर सहावर आहे. सहा म्हणजे जानेवारी!"

"ते इशबेलनं लावलंय. माझ्या बायकोनं. संध्याकाळी आभाळ बघून लावायची सवय आहे तिला."

"मग काकूंना सांगा आज परत आभाळ बघायला. नव्या मीटरवर दुपारीही दोन तास वीज स्वस्त मिळणार. इथे पाव भाजतील. थांबा, मीच एकवर आणते."

"हात लावू नकोस."

"का बरं?"

"फेब्रुवारीत एका सकाळी इशबेल गेली. खोली मात्र त्या रात्रीपर्यंत गरम होती. आदल्या संध्याकाळी तिनं सहा लावून ठेवलं होतं."

मॉरॅगनं मीटर बसवलं. बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चहा ठेवायला उठलो, तेव्हा तिनं अंगातलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

"चहा नको, काका," ती म्हणाली. "गार पाणी द्या. बसते थोडा वेळ."