शेजारच्या खोलीतली उत्तरं

शेजारच्या खोलीतला माणूस बोलायला लागला, तशी सेरिनने हातातला माइक खाली ठेवला.

नाणी टाकून गाणी म्हणायच्या त्या जागेत दुपारी गाणारं कुणी नसायचं. यायचे ते मुलाखतीची तालीम करणारे. खोल्या कपाटाएवढ्या, भिंती पातळ. मुलाखत होती त्या कंपनीच्या मागच्याच गल्लीतली ही जागा ताईने मुद्दाम शोधली होती. रस्ता पायाखालचा झाला की भीती कमी होईल, असं तिचं म्हणणं.

भीती कसली कमी होते! लेखी परीक्षेत सेरिन कधी मागे पडली नाही. मुलाखतीला बसली की मात्र तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ. या वेळीही जमलं नाही तर मोक्पोला घरी परत ये आणि आपल्या मासळीच्या दुकानात बस, असं आईने बजावलं होतं.

शेजारचा मात्र काय बोलायचा! आधी दोनदा खाकरायचा. मग स्वतःच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा.

"तुमचा दोष कोणता? मी पटकन 'हो' म्हणत नाही. पण एकदा म्हटलं की कुणाला मला आठवण करून द्यावी लागत नाही."

'आत्ताची नोकरी का सोडताय?' यावर तर तो बराच वेळ बोलायचा, आवाजही चढायचा. सेरिनची ही पहिलीच नोकरी असणार होती. तेवढ्या वेळात ती पिशवीतला किंबाप खाऊन घ्यायची. बाकीचं सगळं तिने घोटून घोटून पाठ केलं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिने ते ताईला म्हणून दाखवलं.

"अगं बाई, ही तूच का? एरवी जेवताना मीठ मागायला तुला मुहूर्त लागतो!"

"ही उत्तरं माझी नाहीत गं ताई. उद्या कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखणार? तो काय तिथे येऊन बसणारे?"

सेरिनला आठवलं, चार-चार उमेदवारांना एकदमच आत बोलावतात. तो शेजारच्या खुर्चीत निघाला तर?

सकाळी आत शिरण्याआधी तिने बाकीच्या तिघांचे आवाज कान देऊन ऐकले. दोन मुली, आणि एक मुलगा. त्याचा आवाज अगदी पोरसवदा. तिचा जीव भांड्यात पडला.

समोर तिघे परीक्षक होते. कडेच्या दोघी बायका प्रश्न विचारत होत्या. मधले प्यो साहेब, लेखा विभागाचे प्रमुख, कुणाकडे न बघता खाली मान घालून लिहीत होते.

"ओक सेरिन, तुमचा दोष कोणता?"

"मी पटकन 'हो' म्हणत नाही." सेरिन म्हणाली. "पण एकदा म्हटलं की कुणाला मला आठवण करून द्यावी लागत नाही."

प्यो साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि सेरिनकडे एकटक बघत राहिले.

संपलं सगळं, तिला वाटलं. यांना कळलं, हे चोरलेलं आहे. तरी तिने रडवेल्या आवाजात एकेक उत्तर शेवटपर्यंत म्हटलं. दोघी बायका माना डोलावत होत्या. प्यो साहेबांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही.

मुलाखत संपल्यावर बाकीचे तिघे लिफ्टने खाली गेले. सेरिन मात्र मागेच भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात मागून पावलं वाजली. प्यो साहेब एकटेच आले होते.

सेरिन कमरेत वाकली. मान वर करायचा तिला धीर होईना. माशांचा वास नाकाशी आल्यासारखा वाटला.

"माफ करा साहेब," ती कशीबशी पुटपुटली.

प्यो साहेब दोनदा खाकरले. मागे-पुढे कुणी नाही ना, ते त्यांनी पाहून घेतलं.

"आत्ताची नोकरी का सोडतोय," ते अगदी हळू म्हणाले, "तेही ऐकलंत का तुम्ही?"