पाहुणीचं पान

शेवंताबाई बांगड्या काढूनच आली होती. मांडे करायचे तर हातात काच नको. काच तापते, वर कणीकही फाडते. गेली एकोणीस वर्षं कुणाकडेही मांडे असले की ती घरूनच हात मोकळे करून निघायची.

हिलालनानांच्या मागच्या अंगणात चूल पेटली होती. चुलीवर उपडं घातलेलं खापर तिचंच. काल कुंदाबाई येऊन घेऊन गेली होती. "सकाळी ये" असं काही म्हणाली नव्हती, पण ते काय म्हणायचं असतं? कणीक कुंदाची, हात शेवंताचे. सुपारी एकीनं घेतली तरी दोघींची. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक.

आज मात्र खापरापुढे पुष्पा बसली होती. कुंदाची सून. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

कुंदानं कणकेतून मान वर केली नाही. "पुष्पाले बठ्ठं काम येस आते," ती म्हणाली. "घरना पैसा घरमा र्‍हायी. तू आज पाहुणी शेस. जाय, पंगतमा बठ."

"आनि मनं खापर?"

"सांजले पोचाडी देसू." मग तिची नजर शेवंताच्या हातांवर गेली. "बांगड्या तरी भरी येती वं! पाहुणी आशी येस का?"

भाजी चिरणाऱ्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या.

शेवंताच्या अंगाची लाही लाही झाली. पुष्पाला तिनंच शिकवलं होतं. दोन पावसाळे, शेजारी बसवून, आधी ओल्या पंच्यावर. ओला पंचा मनगटापासून कोपरापर्यंत खेळवता आला, की मग कणीक हातात. मला लेक नाही, हीच माझी लेक, असं चारचौघींत सांगत फिरायची. घ्या लेक!

खापर उचलून घरी जाता आलं असतं. पण ते तापलेलं होतं. ती जाऊन पंगतीत बसली.

व्याही धुळ्याचे होते. मुलगा दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला. नानांच्या पोरीचं तीन ठिकाणी फिसकटून हे चौथं कसंबसं जुळत आलेलं, म्हणून तर मांड्यांचा घाट. टेपवर सनई चालू होती. बायांची पानं मागच्या ओट्यावर मांडली होती, चुलीच्या अगदी समोर. वाट्यांत आमरस वाढून झाला होता.

पुष्पानं पहिला मांडा हातावर घेतला. काय फिरला! बघता बघता कोपराच्या खाली लोंबायला लागला, आरपार दिसावं इतका पातळ. शेवंताला नको असतानाही बरं वाटलं. आणि मग पुष्पा थांबली. मांडा हातावर धरून, कुणीतरी काही म्हणावं म्हणून थांबली.

ते म्हणायची शेवंता. दर वेळी. खापराकडे बघायची, जरा वास घ्यायची आणि म्हणायची, "टाक." तिनं म्हटल्यावर पुष्पा टाकायची. कुंदाला वाटायचं, ही उगाच पाटिलकी करते.

"टाक ना वं, काय देखी र्‍हायनी!" कुंदा ओरडली.

पुष्पानं टाकला. खापर नको तितकं तापलं होतं. मांडा पडला तशी त्याला भोकं पडली, आतलं पुरण फुटलं आणि तिच्या हातावर आलं. पोर कळवळली. कुंदानं घाईघाईनं लाकडं मागे ओढली, तर दुसरा कच्चाच चिकटला. उलथन्यानं खरवडावा लागला. लाकडं पुन्हा सारली, तिसरा काळा झाला. व्याहीण शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे याला मांडे म्हणत नाहीत बाई."

नानांची बायको ताईबाई धावत शेवंताजवळ आली. पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "ऊठ वं अक्का. मनी पोरनं जुयेल मोडी जाई."

"पाहुणी चुल्हापाशी जास का, ताईबाई?"

मग कुंदा आली. कणकेचे हात तसेच. आवाज उतरलेला. "उठू नको. आठूनच सांग. नुसतं टाक म्हन. इतलंच म्हन."

समोर पुष्पानं पुढचा मांडा घेतला होता. हातावर टरारून फोड आला होता आणि त्या फोडावरूनच ती तो फिरवत होती. फिरवता फिरवता शेवंताकडे बघत होती. खापर आता अगदी बरोबर आलं होतं. शेवंताला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. शब्द जिभेवर आला.

तिनं तांब्या उचलला आणि पाणी प्यायली. सावकाश, तांब्या रिकामा होईपर्यंत.

पुष्पा वाट बघत राहिली तोवर खापर पुन्हा तापलं. तोही मांडा जळाला.

शेवटी नाइलाजानं त्यातलेच बरे तुकडे ताटात घेऊन पुष्पा पंगतीत वाढायला निघाली. व्याहिणीनं पानावर हात आडवा धरला. तिच्या शेजारणीनंही. शेवंताच्या पानापाशी आल्यावर पुष्पानं मान खाली घालूनच एक काळा तुकडा वाढला. "मावशी," एवढंच म्हणाली आणि तिला हुंदका आला.

शेवंतानं तुकडा रसात बुडवला. सगळ्या बाया हात थांबवून बघत होत्या. तिनं तो करकर चावत शेवटपर्यंत खाल्ला, बोटं चाटली, आणि बिनबांगडीचा हात पुढे केला.

"आखो एक वाढ," ती व्याहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.