स्वच्छ रेकॉर्डिंग

मुकुल आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये इंजिनिअर होता, पण त्याचा सगळा जीव डबल बेस वाजवण्यात. डब्लिनमधल्या तीन मित्रांबरोबर त्याने एक जॅझ अल्बम केला, तोही जुन्या पद्धतीने, सगळ्यांनी एका खोलीत वाजवून थेट टेपवर. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच तो हार्ट अटॅकने गेला.

रिलीजच्या दिवशी त्यांचा पियानोवाला ब्रेंडन पहिली प्रत घेऊन मुकुलच्या बायकोकडे, योगिनीकडे आला. तिने स्वतःच्या हाताने रेकॉर्ड लावली. वाजवायला लागला की मुकुल स्वतःच्याच तंद्रीत गुणगुणायचा. फोनमध्ये त्याचे व्हिडिओ होते, पण नवरा गुणगुणतोय म्हणून कोण शूट करतं? ती गुणगुण आता फक्त या रेकॉर्डवर असणार, या आशेवर योगिनीने इतके महिने काढले होते.

दोन्ही बाजू वाजून संपल्या. बेसचा सूर न् सूर स्वच्छ ऐकू आला. मुकुलचा आवाज कुठेच नव्हता.

"त्याची गुणगुण का काढून टाकलीत रे?" तिने विचारलं.

"आम्ही काहीच काढलं नाही," ब्रेंडन म्हणाला. "त्या दिवशी तो दातांत पेन्सिल घट्ट धरूनच वाजवत होता. तोंडातून आवाज निघू नये म्हणून."

"पण का?"

ब्रेंडनने मान खाली घातली.


"म्हणाला, माझ्या गुणगुणण्याने योगिनीचं डोकं उठतं. ही रेकॉर्ड तिच्यासाठी आहे, तिला शांतपणे ऐकता आली पाहिजे."