पिठीसाखरेची बरणी

मुदत संपलेली पाकिटं बाजूला काढताना हर्षलाच्या हाती झुरळांसाठी आणलेल्या बोरिक पावडरची बरणी आली. बरणी जवळजवळ रिकामी होती.

“आई, ही पावडर कुणी संपवली?” तिनं सासूबाईंना विचारलं.

“पावडर कसली? पिठीसाखर आहे ती. आत्ताच लाडू वळले. पहिला ईराला दिलाय.”

हर्षला बाहेरच्या खोलीत धावली. तिची पाच वर्षांची लेक ईरा लाडू तोंडाला लावणार, तेवढ्यात तिनं तो हिसकावून घेतला. ईरानं भोकाड पसरलं. तिचं तोंड रिकामं होतं.

हर्षला तो लाडू घेऊन स्वयंपाकघरात परतली. सासूबाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ओट्याला धरून उभ्या होत्या.

“बरणीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं मी! दिसलं नाही तुम्हाला?”

“सहा महिने झाले, नीट दिसतच नाही गं. अंदाजानंच करते सगळं,” त्या पुटपुटल्या. “सांगितलं असतं, तर तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नसतं.”

हातातला लाडू ओट्यावर ठेवताना हर्षलाची नजर खाली गेली. सासूबाईंच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते. रोज त्याच हातांनी वाढलेलं जेवत असूनही तिनं ते कधी पाहिले नव्हते.