मागच्या चटईवरचं उत्तर

"साहेब, वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांतल्या गुलामांना चर्चनं 'मालकाचं ऐका' एवढंच का शिकवलं?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून उमरग्याच्या चर्चमध्ये, भर शिकवणीत मी विचारलंच.

पाद्रीसाहेब हसले. "त्यातच त्यांचं भलं होतं. होय ना, मुलींनो?"

आम्ही कुणीच तोंड उघडलं नाही. तरी मागून अनेक आवाजांत घुमलं, "होय, साहेब!"

रविवारी वेठबिगार बसतात ती मागची चटई रिकामी होती. आणि त्या आवाजांत एक माझा होता!

मी रागानं धुमसत घरी आले. आप्पांशेजारी बसलेली आई म्हणाली, "पोरी, उद्यापासून देशमुखाकडं वेठीला तूबी चल."

मी ओठ घट्ट मिटले. तरी माझ्याच आवाजात घरभर घुमलं, "होय, साहेब!"

"आई, आप्पा, हे मी बोलले न्हाय!" मी किंचाळले. "मी वेठीला जाणार न्हाय!"